घराची फाइल फुकट मिळते, हमी कोण देतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा-बारा वर्षांपूर्वी ‘घर इंटरनेटवरून उतरवून घ्या, मशीनवर प्लाय कापा, मित्रांना बोलवा आणि ठोकून उभं करा’ असं विकीहाउसबद्दल ऐकलं होतं, त्याचं पुढे काय झालं? आणि दापोलीजवळ दहा गुंठे जागा आहे, तिथे साठ चौरस मीटरचं असं घर होईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: होईल, पण महाग पडेल आणि वाळवीला फार आवडेल. तरीही ‘नका करू’ असं मी म्हणत नाही. का, ते पुढे येईल.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. पुण्याजवळ माझं सीएनसी राउटरचं, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कापणाऱ्या यंत्राचं, वर्कशॉप आहे, बावीस वर्षं झाली. पोट चालतं मॉड्युलर किचनच्या खोक्यांवर आणि देवघराच्या जाळ्यांवर. प्लायच्या घरांचा नाद त्या कमाईवर पोसलेला आहे. आजवर तीन लहान खोल्या उभ्या केल्या. दोन ठीक आहेत, एक फसली. जे लिहितो आहे ते जास्त करून त्या फसलेल्या खोलीने शिकवलेलं आहे.

विकीहाउसची सुरुवात २०११ सालची. लंडनमधल्या ‘आर्किटेक्चर झीरो झीरो’ या कार्यालयातले अ‍ॅलिस्टर पार्विन आणि निक इएरोडायाकोनू यांनी दक्षिण कोरियात ग्वांगजूच्या डिझाइन बिएनालेसाठी, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनासाठी, तो प्रयोग केला. घराचं त्रिमिती मॉडेल स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये करायचं, त्याला जोडलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमने त्याचे सपाट तुकडे पाडायचे, ते तुकडे आठ बाय चारच्या शीटवर बसवायचे आणि राउटरवर कापायचे. तुकड्यांना खाचा आणि खुंट्या, जोडायला लाकडी मोगरी. २०१३ मध्ये पार्विन यांचं टेडवरचं भाषण गाजलं आणि कल्पना जगभर गेली. पुढच्याच वर्षी लंडन डिझाइन फेस्टिव्हलमध्ये, बिल्डिंग सेंटरपाशी, अ‍ॅरप या नामांकित इंजिनिअरिंग कंपनीच्या साथीने दोन मजली नमुना उभा राहिला.

पण कल्पना काही आभाळातून पडलेली नव्हती. वॉल्टर सीगल नावाच्या वास्तुविशारदाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून लंडनच्या लुइशम भागात सामान्य माणसांकडून स्वतःची घरं बांधून घेतली. त्याची युक्ती साधी होती. बाजारात शीट ज्या मापाची मिळते त्याच मापावर घराची आखणी करायची, म्हणजे शीट कापावीच लागत नाही. नवख्या माणसाच्या चुका मापात आणि कापण्यात होतात, तेव्हा कापणंच काढून टाकलं! तिथल्या एका गल्लीला आजही ‘वॉल्टर्स वे’ हे त्याचं नाव आहे. दुसरं टोक अमेरिकेतलं. तिथल्या एमआयटी विद्यापीठाचे लॉरेन्स सास यांनी २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या प्रदर्शनात न्यू ऑर्लिन्सच्या धर्तीचं एक छोटं घर उभं केलं, सगळं राउटरवर कापलेल्या प्लायचं, दर्शनी भागावरच्या नक्षीसह. सीगलने कापणं टाळलं आणि सासने कापणं यंत्राला दिलं. विकीहाउसने यात तिसरी गोष्ट घातली, ती म्हणजे फाइल सगळ्यांना वाटणं.

आणि गाडं अडकलं ते नेमकं या तिसऱ्या गोष्टीपाशी.

सॉफ्टवेअरमध्ये कुणी कोड घेतो, बदलतो, चालवून बघतो. चुकलं तर प्रोग्रॅम बंद पडतो, माणूस दबत नाही. घराच्या फाइलमध्ये तुम्ही खिडकी अर्धा मीटर सरकवलीत की वरचा भार खाली उतरण्याची वाट बदलते. म्हणजे पुन्हा गणित, पुन्हा इंजिनिअर, पुन्हा सही. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक जण पूर्ण घराची फाइल घ्यायचा आणि आपल्या जागेप्रमाणे बदलायचा. त्यामुळे प्रत्येक घर नव्याने पहिलंच घर ठरायचं. एकाने केलेल्या चाचणीचा दुसऱ्याला फायदा नाही, आणि बदललेली फाइल परत सामायिक साठ्यात टाकायची तसदी फार थोडे लोक घ्यायचे. मीही घेतली नाही. खोटं कशाला बोलू.

माझ्या मते खरी प्रगती इथे झाली, आणि ती फोटोत दिसत नाही. जुन्या पद्धतीत प्लायच्या सलग कमानी जमिनीवर आडव्या जोडायच्या आणि दहा-बारा जणांनी मिळून उभ्या करायच्या. मंडप उभारल्यासारखी मजा यायची त्यात. पण मग कमानींच्या मध्ये पट्ट्या, वरून शीट, आत उष्णतारोधक भरणं, फटी बुजवणं हे सगळं उघड्यावर, पाऊस-वाऱ्यात. पुढे हे काम ‘ओपन सिस्टिम्स लॅब’ या ना-नफा संस्थेकडे आलं आणि आताची ‘स्कायलार्क’ पद्धत निघाली. तिच्यात कमानी गेल्या आणि खोके आले. भिंतीचा खोका, जमिनीचा खोका, छपराचा खोका, खिडकीवरचा खोका. प्रत्येक खोका १८ मिलिमीटरच्या प्लाय किंवा ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या) शीटमधून कापायचा, वर्कशॉपमध्ये जोडायचा, आत लोकर किंवा लाकडाच्या तंतूंचं भरण घालायचं आणि जागेवर नेऊन एकमेकांना जोडायचा. स्कायलार्क २०० आणि २५० अशा दोन मालिका आहेत, दुसरीची भिंत जास्त जाड. साधारण दोन माणसं उचलतील एवढाच खोका.

फरक कशात पडला बघा. आता फाइल घराची राहिली नाही, खोक्याची झाली. घर कसंही असो, भिंतीचा खोका तोच. म्हणजे त्या खोक्यावर एकदा भार टाकून चाचणी केली, उष्णता किती जाते ते मोजलं, तर ते आकडे पुढच्या प्रत्येक घराला उपयोगी पडतात. इंजिनिअरला सही करताना हातात तक्ता असतो, त्याची रात्रीची झोप उडत नाही. कापणाऱ्यालाही तोच तुकडा पुन्हा पुन्हा कापायचा असतो, त्यामुळे शीटवरची मांडणी एकदाच बसवली की झालं.

आपल्याकडच्या जुन्या सुतारांना हे सांगायला गेलो तर ते हसतील. कोकणात, देशावर घर मोजायची भाषाच ‘खणां’ची होती. पाच खणांचं घर म्हटलं की दोन खांबांमधलं अंतर, तुळईची जाडी, वासे किती, हे सुताराला विचारावं लागत नसे. गणित त्या एका शब्दात बसलेलं होतं, कुणाच्या मालकीचं नव्हतं आणि पिढ्यान्‌पिढ्या पावसाने तपासलेलं होतं. लंडनच्या मंडळींना खणापर्यंत यायला काही वर्षं लागली, एवढंच.

आता माझ्या फसलेल्या खोलीकडे येतो, कारण ज्या गोष्टी विकीहाउसच्या मार्गदर्शिकेत एका ओळीत लिहिलेल्या असतात त्या तिथे मला पूर्ण आठवडाभर भेटल्या.

भोरजवळ एका मित्राच्या शेतावर दहा बाय बाराची खोली करायची होती. खोके आणि त्यांना एकमेकांशी जखडणारे, डमरूच्या आकाराचे जोडतुकडे मी वर्कशॉपमध्ये कापले. मे महिना होता, हवा कोरडी, कॅलिपरने प्लाय १८.० भरत होतं. खाच १८.२ ठेवली. दोन दशांश मिलिमीटरची ढील म्हणजे मोगरीच्या दोन फटक्यांत तुकडा ‘टक्‌’ असा आवाज करून बसतो. तो आवाज ओळखीचा झाला की बघावंही लागत नाही. ट्रक निघायला उशीर झाला, पाऊस लवकर आला, आणि खोके दोन रात्री ताडपत्रीखाली पडून राहिले. तिसऱ्या दिवशी पहिला जोडतुकडा घातला तर तो अर्ध्यात अडला. कॅलिपर लावला: १८.६. कडेकडेला तर १८.८. राउटरचा बिट, म्हणजे कापणारं गोल पातं, चालून उघड्या पडलेल्या कडांनी पाणी पिऊन घेतलं होतं. आम्ही शहाणे, मोगरी टाकून लोखंडी हातोडा घेतला. चौथ्या फटक्याला खाचेचा कोपरा उभा फाटला. ‘टक्‌’ ऐवजी आवाज आला तो पापड मोडल्यासारखा. मग हॅलोजनचे दिवे लावून खोके सुकवणं आणि बेल्ट सँडरने ११२ जोडतुकडे एकेक करून घासणं, यात पुढचे चार दिवस गेले.

बरं, ०.२ ची ढील कमी होती तर ०.६ का ठेवली नाही? कारण ढिलाई साठत जाते. वीस खोके एका रांगेत लावले आणि प्रत्येक सांध्यात ०.३ मिलिमीटर सरकलं, तर भिंतीच्या शेवटी सहा मिलिमीटरचा फरक पडतो आणि दरवाजाची चौकट बसत नाही. घट्ट ठेवलं तर पावसात फुगून अडतं, सैल ठेवलं तर भिंत लांबते. उपाय तीनच: कडा वर्कशॉपमध्येच सीलरने बंद करायच्या, माल कापल्यापासून छप्पर पडेपर्यंतचे दिवस मोजके ठेवायचे, आणि कापण्याआधी त्या खेपेतल्या दहा-बारा शीट मोजून फाइलमधलं खाचेचं माप त्याप्रमाणे बदलायचं. तिसरा उपाय कंटाळवाणा आहे म्हणून लोक टाळतात. आपल्या बाजारात तो टाळून चालतच नाही. १८ एमएम म्हणून घेतलेलं साधं प्लाय मी १७.२ पासून १८.५ पर्यंत मोजलेलं आहे, कधी एकाच शीटच्या दोन टोकांना. ‘कॅलिब्रेटेड’ प्लाय मागा, ते बरंच सरळ येतं, पैसे जास्त पडतात. शिवाय आतली पोकळी. कापताना बिटचा आवाज मध्येच हलका झाला की समजायचं, आतल्या थरात फट आहे. कपाटाला ते चालतं, पण जिथून भार जाणार तिथे अशी फट आली की तो तुकडा बाजूला.

राउटरचं एक गुपितही सांगून टाकतो, कारण पहिल्यांदा तुकडे बघणारा प्रत्येक जण विचारतो, ‘कोपऱ्यात हे उंदराने कुरतडल्यासारखं काय आहे?’ बिट गोल फिरतो, त्यामुळे आतला कोपरा काटकोनात कापता येत नाही, गोलाई उरते आणि चौकोनी टोक पूर्ण आत जात नाही. म्हणून कोपऱ्यात थोडं पलीकडे घुसून अर्धगोल खड्डा ठेवायचा. आमच्याकडे त्याला डॉगबोन म्हणतात. ती चूक नाही.

ते वाळवीचंही सांगतो. त्याच खोलीत चौदा महिन्यांनी जोत्याच्या कोपऱ्यातून मातीची एक बारीक रेघ वर चढलेली दिसली, पेन्सिलीएवढी जाड. खोक्याची ही घरं वाळवीच्या दृष्टीने पाच तारांकित हॉटेल आहेत: आत अंधार, बंद पोकळी, कुणी डोकावत नाही. इंग्लंडच्या मार्गदर्शिकेत हा विषय नसणं साहजिक आहे, तिथे हा त्रास नाही.

पुढचा प्रश्न आगीचा. लाकूड जळताना वर कोळशाचा थर धरतं आणि आतला भाग वाचवतं, हे जाड तुळईबाबत खरं आहे. पण युरोपच्या लाकूड संहितेत प्लाय जळण्याचा वेग मिनिटाला साधारण एक मिलिमीटर धरतात. मग १८ मिलिमीटरचं प्लाय किती वेळ टिकेल, ते गणित शाळकरी आहे. तेव्हा अशा घरात आगीपासूनचा बचाव लाकडावर सोडायचा नसतो. तो आतून लावलेल्या जिप्सम बोर्डाच्या थरांनी करायचा असतो, आणि ‘प्लाय उघडं किती छान दिसतं’ म्हणून जे लोक बोर्ड लावत नाहीत त्यांना मी काम करून देत नाही.

इंग्लंडमध्ये १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली. तो टॉवर लाकडी नव्हता, पेटलं ते बाहेरचं आवरण. पण २०१८ च्या अखेरीस १८ मीटरपेक्षा उंच राहत्या इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वलनशील सामान वापरायला तिथे बंदी आली. विकीहाउस दोन-तीन मजल्यांच्या पुढचं नाही, त्यामुळे नियमाने त्याला अडवलं नाही. मात्र विमा आणि गृहकर्ज देणारे नियमाच्या फार आधी घाबरतात. तिथेही आणि इथेही. माझ्या एका ग्राहकाची कर्जाची फाइल बँकेत तीन महिने फिरली. अखेर ‘आरसीसी नाही म्हणजे कच्चं घर’ असा शेरा येऊन परत आली. अधिकारी वाईट नव्हता. त्याच्या फॉर्मवर तेवढेच दोन रकाने होते.

म्हणून म्हणतो, फाइल उघडी करणं दहा वर्षांपूर्वीच झालं होतं. अवघड होतं ते ‘हे पडणार नाही’ असं कोणी लिहून देणं. प्रमाणित खोके, चाचण्यांचे आकडे, इंजिनिअरसाठी तक्ते हे सगळं त्या एका सहीच्या दिशेने चाललेलं काम आहे आणि ते अजून पुरं झालेलं नाही. सही शेवटी त्या त्या जागेच्या इंजिनिअरलाच करावी लागते. फाइल देणारा ती जबाबदारी घेत नाही, आणि घेऊही शकत नाही. त्याने दापोलीची माती पाहिलेली नाही.

कल्पना कुठे रुजली हे बघण्यासारखं आहे. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ माणसं गेली, आणि तिथल्या काही लोकांनी लवकरच विकीहाउस हातात घेतलं. तिथे घरं तर हवीच होती, शिवाय लाकडी घर हीच तिथली रीत, कुणाला समजवावं लागलं नाही. नेदरलँड्समध्ये आल्मेरे या शहरात अशी घरं झाली. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवरचं हे शहर, आणि तिथल्या पालिकेने लोकांना प्लॉट देऊन ‘तुमचं तुम्ही बांधा’ असं धोरणच ठेवलं होतं. म्हणजे जमीन आणि परवानगी हे दोन डोंगर आधीच सपाट झालेले. जिथे ते उभे आहेत तिथे राउटर कितीही वेगाने फिरला तरी घर तिथेच अडतं. अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१५ च्या सोलर डेकॅथलॉन या सौरघरांच्या स्पर्धेसाठी केलेलं ‘इंडिगो पाइन’ मला यंत्रकामाच्या दृष्टीने आवडतं. त्यात प्लायचे तुकडे स्टेनलेस स्टीलच्या झिप-टायने आवळलेले होते. आपण वायरी बांधतो तसे!

पण तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण जपानचं आहे. तोयामा प्रांतात तोगा नावाचं डोंगरातलं गाव आहे, हिवाळ्यात बर्फाने भरून जाणारं, तरुण सगळे शहरात गेलेले. कोकणातल्या माणसाला वेगळं काय सांगायचं! व्हुइल्ड या कंपनीच्या कोकी आकियोशी यांनी २०१९ मध्ये तिथे ‘मारेबितोचं’ म्हणजे पाहुण्याचं घर बांधलं. लाकूड तिथल्याच डोंगरातलं, कापायला लहान शॉपबॉट राउटर, आकार त्या भागातल्या उंच उतरत्या छपरांच्या जुन्या घरांवरून घेतलेला. बाहेरून प्लाय आणून उभं केलेलं घर ते नाही. जंगल तिथलं, यंत्र तिथलं, माणसं तिथली. हे फार खुल्या परवान्याचं काम आहे असं मी म्हणणार नाही, पण ‘स्थानिक उत्पादन’ हा शब्द मला तिथेच पहिल्यांदा खरा वाटला.

आता तुमचं साठ चौरस मीटरचं घर. हिशेब मांडू. जमीन ६०, छप्पर ७०, बाहेरच्या भिंती ८०, असे एकूण २१० चौरस मीटर कवच. खोक्याला आतून-बाहेरून दोन तोंडं, म्हणजे ४२० चौरस मीटर शीट. खोके साठ सेंटिमीटर रुंदीचे धरले तर त्यांच्या बाजूच्या पट्ट्यांचे अंदाजे १७५. झाले ५९५. कापताना निघणारी रद्दी पंधरा टक्के धरा, मिळून ६८५ च्या आसपास. एक शीट २.९८ चौरस मीटरची, म्हणजे साधारण २३० शीट. एक शीट बत्तीस किलोची, म्हणजे सात टनांवर लाकूड. माझ्याकडे सध्या मरीन कॅलिब्रेटेड १८ एमएम चार हजारांना पडतं आणि कापायचे मी शीटमागे सहाशे घेतो. एकूण साडेदहा लाखांच्या वर. ६४६ चौरस फुटांना भागलं तर फुटाला सोळाशे रुपये, आणि हे फक्त कवच आहे. पाया नाही, छपराचं आवरण नाही, जिप्सम नाही, संडास-न्हाणी, वायरिंग, खिडक्या काही नाही. घराच्या एकूण खर्चात सांगाड्याचा वाटा माझ्या अनुभवात चौथाईच्या आसपास असतो. राउटर तेवढ्याच भागाला हात लावतो. त्याच दापोलीत जांभ्याच्या चिऱ्याचं पक्कं घर गवंडी फुटाला किती घेऊन हातात देतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

इंग्लंडमध्ये गणित उलटं आहे. तिथे माणसाचा तास महाग आणि शीट त्या मानाने स्वस्त, थंडीमुळे भरणाची जाड भिंत हवीच. त्यामुळे खोका भार पेलतो, भरण धरतो आणि मजुरीही वाचवतो. आपल्याकडे मजुरी स्वस्त, शीट महाग, आणि कोकणात भिंतीतून उष्णता जाण्यापेक्षा हवा खेळण्याची गरज जास्त. बंद पोकळीची भिंत ही आपल्या हवेची गरजच नाही. ज्यांनी मला ‘मेक इन इंडिया विकीहाउस’ करू म्हणून फोन केले त्यांना मी हेच सांगितलं, आणि बहुतेकांनी पुन्हा फोन केला नाही.

सरकारी बाजूही लाकडाच्या विरोधात होती. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर निर्बंध घातले. हेतू जंगल वाचवण्याचा. ते २०२० मध्ये उठले. मधल्या सत्तावीस वर्षांत लाकडी सांगाड्याचं गणित जमणारी इंजिनिअरांची एक अख्खी पिढी तयारच झाली नाही. आज लाकडी बांधकामाचं भारतीय मानक, आयएस ८८३, उघडून तुळई काढा म्हटलं तर पुण्यात मला दोन नावं आठवतात, त्यातले एक निवृत्त आहेत.

आणि तरी ही गोष्ट आपल्या मातीला परकी नाही. पुण्याजवळच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची सगळ्यांना खुली कार्यशाळा, जगात सुरू झाली ती त्या आश्रमात. बोस्टनबाहेर पहिली, तीही लंडन किंवा टोकियोत नाही, पाबळमध्ये. त्याही आधी आश्रमाने पाबळ डोम बसवला होता. लोखंडी अँगलचे ठरलेल्या मापाचे तुकडे, नट-बोल्टने जोडायचे, त्यावर फेरोसिमेंट, म्हणजे जाळीवर सिमेंटचा गिलावा. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर हे डोम त्या भागात उभारले गेले. गावातली मुलं पाना घेऊन ते जोडायची. राउटर नव्हता, इंटरनेट नव्हतं, पण तुकडा ठरलेला आणि ज्ञान उघडं, म्हणजे स्कायलार्कच्या मागचा सगळा विचार तिथे होता. ज्यांना या विषयात खरंच उतरायचं आहे त्यांनी लंडनच्या संकेतस्थळाआधी पाबळची एसटी धरावी.

मग तुम्ही काय करावं? भिंती चिऱ्याच्याच बांधा. जोतं नेहमीपेक्षा फूटभर उंच घ्या, वाळवीची प्रक्रिया पाया भरतानाच करून घ्या, नंतरची फवारणी म्हणजे मनाचं समाधान. राउटरचं काम वर न्या: छपराच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), माळा, जिना. ते जमिनीपासून दूर राहतात, सगळीकडून दिसतात, हवा लागते, आणि काही बिघडलं तर एक तुकडा काढून तोच पुन्हा कापून बसवता येतो. इथे खुल्या फाइलचा खराखुरा फायदा होतो, पंधरा वर्षांनी माझं वर्कशॉप बंद पडलेलं असलं तरी. फणसाचं किंवा आंब्याचं लाकूड जवळ असेल तर कुठे काय चालेल ते तिथल्या सुताराला विचारा. मला नका विचारू, तो जास्त जाणतो. आणि इंजिनिअर आधी गाठा, फाइल नंतर उतरवा. उलट क्रमाने गेलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे सुंदर फाइल असते, आणि सही करायला कोणी मिळत नाही.

संपूर्ण खोक्याच्या घराचा मोह सुटतच नसेल, तर आत्ता एक शीट आणा. त्यातून एकच खोका कापून घ्या, सोबत सहा जोडतुकडे. तीन सील करा, तीन तसेच ठेवा. जून लागायच्या आधी पडवीत, पावसाची झड येते त्या बाजूला, विटेवर ठेवून द्या. वीट मुद्दाम एकच ठेवा, दुसरी बाजू मातीला टेकू द्या. ऑक्टोबरमध्ये कॅलिपर घेऊन सहाही तुकड्यांची जाडी चार-चार ठिकाणी मोजा, खालची बाजू उलटून बघा, आणि ते आकडे मला पाठवा. कैच्यांची फाइल मी तोवर तयार ठेवतो.